अर्ध्या तासाचे बारगीर

मराठी माणसाची घोड्याशी ओळख असते, पण ती बहुधा खालून झालेली असते. चौकातल्या चौथऱ्यापाशी उभं राहून मान वर करावी, तर आधी दिसतं घोड्याचं पोट, मग रिकीब, मग तिच्यातलं पाऊल, आणि फार वर, ढगांच्या शेजारी, स्वार. पुण्यात शिवाजीनगरच्या मिलिटरी प्रिपरेटरी शाळेच्या आवारात नानासाहेब करमरकरांनी घडवलेला शिवरायांचा अश्वारूढ पुतळा 1928 पासून उभा आहे. लहानपणी आबांचं बोट धरून तो पाहायला गेलो, तेव्हा मी महाराजांकडे पाहायचं सोडून विचारलं होतं, “आबा, याला पाणी कोण पाजतं?” आबा एसटीत कंडक्टर होते. लांबलचक उत्तरं द्यायची त्यांना सवय नव्हती. “ब्राँझचा आहे तो,” ते म्हणाले, आणि आम्ही पुढे निघालो. घोडा वरून पाहायची संधी पुढे आयुष्यात एकदाच येते, ती लग्नाच्या वरातीत. आणि तेव्हा मुंडावळ्यांमुळे धड काही दिसत नाही. पुढ्यात कुणाचं तरी पोर बसवलेलं असतं, लगाम तिसऱ्याच माणसाच्या हातात असतो, बँड कानाशी असतो, आणि त्या सगळ्या गर्दीत कार्यालयाचा रस्ता नेमका ठाऊक असलेला एकटा घोडाच असतो.

त्यामुळे आमच्या लेकीने जेव्हा जेवणाच्या टेबलावर जाहीर केलं की येत्या रविवारी आपण सगळ्यांनी तबेल्यावर जायचं आहे, तेव्हा मी उत्साहाने होकार दिला. तबेला शहराच्या बाहेर, मुळशीच्या वाटेवर. कुटुंबासाठी त्यांची खास योजना होती. सकाळी सातला पोचायचं, दिवसभर तबेल्यातली कामं करायची, लीद काढायची, घोडे घासायचे-पुसायचे, त्यांना खाऊपिऊ घालायचं, आणि संध्याकाळी प्रत्येकाला अर्धा तास घोड्यावर बसायला मिळणार. या सगळ्याचे पैसे द्यायचे होते. “कुणी?” मी विचारलं. “आपण, बाबा.” मी गप्प बसलो. माझ्या आजोबांच्या काळी असली कामं करणाऱ्याला संध्याकाळी मजुरी मिळत असे. मधल्या पन्नास-साठ वर्षांत अर्थशास्त्राने केव्हातरी कूस बदलली असणार आणि मी त्या वेळी झोपलेला असणार.

आमच्या घरात स्वतःचं ताट उचलून मोरीत ठेवणं हा अजूनही चर्चेचा विषय आहे. रविवारी दहाच्या आत ज्याच्या अंगावरचं पांघरूण काढायला कोर्टाचा हुकूम लागतो, तो आमचा चिरंजीव त्या दिवशी सव्वासातला गमबूट घालून, हातात दाताळं घेऊन, भुशातून लीद वेचत होता. नुसती वेचत नव्हता, चांगला भुसा झटकून खाली पाडत होता, म्हणजे काटकसरही करत होता. ढकलगाडी भरली की बहीण ती उकिरड्यावर रिती करून आणी. धडधाकट घोडा दिवसाला वीसेक किलो लीद टाकतो, हे ऐकल्यावर कुणीही पळून जाईल असं मला वाटलं होतं. चिरंजीवांनी मात्र ओळीतले घोडे मोजले, मनात गुणाकार केला आणि कौतुकाने शीळ घातली. या लिदीला म्हणण्यासारखा वासही नसतो. गवत आत जातं, जरा विचारमग्न होतं आणि बाहेर येतं, इतकाच प्रकार.

आमच्यावर देखरेख करायला जी शिक्षिका होती ती फार तर बावीस-तेवीस वर्षांची असेल. तिने मला काका, हिला काकू आणि आबांना आजोबा केलं आणि मग आम्हा सर्वांना एकाच सुरात हुकूम सोडले. पहिला हुकूम असा, की इथे कुणी मोठ्याने बोलायचं नाही, घोडे बिचकतात. आमची मोठीच पंचाईत झाली, कारण आमच्या घरातले बहुतेक महत्त्वाचे निर्णय एका खोलीतून दुसऱ्या खोलीत ओरडूनच घेतले जातात. दुसरा हुकूम, घोड्याकडे थेट समोरून जायचं नाही आणि मागून तर मुळीच नाही. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना. त्यामुळे त्याला जवळजवळ चहूकडचं दिसतं. दिसत नाही ते फक्त अगदी नाकापुढचं आणि शेपटीच्या थेट मागचं. म्हणून जायचं ते खांद्याच्या बाजूने, संथ, आणि आपण येतोय हे बोलून सांगत. काय बोलायचं? “काहीही बोला, काकू, फक्त आवाज मऊ ठेवा.” हिने समोरच्या तांबड्या घोडीच्या मानेवर हात ठेवला आणि म्हणाली, “काय गं, बरी आहेस ना? जेवलीस का?” या सुरातलं ‘जेवलीस का’ मी मुलं पाळण्यात होती तेव्हा शेवटचं ऐकलं होतं. घोडीने कान हिच्याकडे वळवले. चिरंजीवांनी काम थांबवून आईकडे पाहिलं.

आबांच्या आणि माझ्या वाट्याला आला बादल. पाचशे किलोच्या आसपासचा, गडद बदामी, कपाळावर पुसट पांढरा टिळा असलेला घोडा. तरुणपणी तो शर्यतीत धावलेला. आता निवृत्तीनंतर इथे लोकांच्या मुलांना हळूहळू फिरवून आणण्याचं काम करतो. त्याचं वय विचारलं तेव्हा शिक्षिकेने एक मजेशीर गोष्ट सांगितली. आपल्याकडच्या शर्यतीच्या घोड्यांचा अधिकृत वाढदिवस एकच, 1 जानेवारी. शिंगरू फेब्रुवारीत जन्मो की मेमध्ये, कागदोपत्री सगळे त्याच दिवशी एका वर्षाने मोठे होतात. आबांचा चेहरा खुलला. “म्हणजे आमचंच की हे!” ते म्हणाले. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांना ज्यांना विचारलं आणि ज्यांच्या आईबापांना तारीख सांगता आली नाही, त्या सगळ्यांना गुरुजींनी सरसकट 1 जून दिला. एक अख्खी पिढी त्या दिवशी जन्माला आली. दर 1 जूनला बँकेचा शुभेच्छांचा संदेश येतो आणि आबा तो चष्मा लावून वाचतात, दुसऱ्याच्या नावे चुकून आपल्याकडे आलेलं पत्र वाचावं तसे. जन्मतारीख हरवलेल्या त्या दोन निवृत्तांनी एकमेकांना नीट पाहून घेतलं आणि खराऱ्याला सुरुवात झाली.

खरारा हे काम बाहेरून दिसतं त्यापेक्षा पुष्कळ खोल आहे. आधी रबरी खरारा गोल गोल फिरवून धूळ आणि सुटे केस वर आणायचे, मग ताठ केसांच्या ब्रशने ते झटकायचे, मग मऊ ब्रशने अंग चकचकीत करायचं. मानेपासून सुरुवात, केसांच्या दिशेने मागे. घोड्याची कातडी इतकी जागी असते की अंगावर बसलेली माशी तो नेमक्या तेवढ्याच जागेची कातडी थरथरवून उडवतो. आणि तोच घोडा पाठीवर सबंध माणूस बसू देतो, यातला हिशेब मला अजून लागलेला नाही. मी डाव्या बाजूला होतो, आबा उजव्या बाजूला. मधे बादलचा देह असल्यामुळे मला आबांचे पायच दिसत होते. आवाज मात्र येत होता, कारण आबा बोलू लागले होते. घरी हल्ली ते फार बोलत नाहीत.

त्यांचं गाव दौंड तालुक्यात, भीमेच्या काठी. दिवाळी सरली की मेंढरं घेऊन धनगरांचे वाडे तिकडून कोकणाच्या दिशेने निघायचे. वाटेत कुणाच्या रानात मेंढ्या बसवायच्या, रानाला खत मिळायचं आणि धनगराला धान्य. त्यांच्यासोबत ठेंगणी, काटक तट्टं असत. एकेका तट्टावर अख्खं बिऱ्हाड. पालाचं कापड, भांडीकुंडी, पिठाची पिशवी, चालून दमलेलं एखादं कोकरू, पाय बांधलेल्या कोंबड्या आणि या सगळ्याच्या शिखरावर एक शेंबडं पोर. आपल्या राज्यगीतात ज्या भीमथडीच्या तट्टांना थेट यमुनेवर नेऊन पाणी पाजलं आहे, त्यांचीच ही जात. अलीकडे तिची घोड्यांची स्वतंत्र जात म्हणून सरकारदरबारी नोंदही झाली. दिल्लीपर्यंत गेलेल्या फौजा संपल्या, वतनं संपली, आणि ही जात टिकली ती बरीचशी धनगरांच्या संसाराच्या ओझ्याखाली, हे मला त्या सकाळी घोड्याच्या पोटाखालून ऐकू आलं. आबांचं काम होतं ओढ्यावरून त्या तट्टांसाठी पाणी आणायचं. बदल्यात वेशीपर्यंत तट्टावर बसायला मिळायचं. “म्हणजे हीच योजना,” मी म्हणालो. “पण तेव्हा पैसे पडत नव्हते,” आबा पलीकडून म्हणाले.

मग ते एकदम गप्प झाले. मी वाकून पाहिलं. बादलचा खालचा ओठ लोंबला होता, पापण्या अर्ध्या मिटल्या होत्या, एक मागचा पाय टोकावर टेकवून सैल सोडला होता. “झोपला,” आबा कुजबुजले. घोडा उभ्यानेच डुलकी काढतो. पायातल्या स्नायूंची आणि दोरांची घडणच अशी, की सांधा एकदा अडकवून ठेवला की कोसळण्याची भीती नाही. आबांना याचं नवल वाटलं नाही. मुक्कामाच्या गाडीला दांडीला टेकून उभ्याने डुलकी घेण्यात आणि नेमक्या थांब्यावर जागं होण्यात त्यांचा सबंध डेपोत दबदबा होता. खऱ्या गाढ झोपेसाठी मात्र घोड्याला आडवं व्हावं लागतं, आणि ते तो तेव्हाच होतो जेव्हा आजूबाजूला भरवशाचं कुणीतरी जागं असतं. इथले म्हातारे सईस मामा म्हणाले, “नवा घोडा आला की मी दोन-चार रात्री हितंच खाट टाकतो. तो आडवा झाला की समजायचं, रुळला.” आबांनी हात काढला नाही. त्या मोठ्या बदामी कुशीवर हात ठेवून ते बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि बादलच्या डोळ्याच्या उरलेल्या फटीत आम्ही सगळे, तबेल्याचं पत्र्याचं छप्पर आणि थोडं आभाळ, जुन्या ग्रुप फोटोत वाकतात तसे कडेने वाकून उभे होतो.

दुपारी चंदीची वेळ झाली. घोड्याचं पोट शरीराच्या मानाने लहान, म्हणून थोडं थोडं आणि पुष्कळदा द्यायचं. शिवाय त्याला उलटी करता येत नाही. जे गेलं ते पुढेच जाणार. त्यामुळे त्याच्या खाण्यात जरा हयगय झाली की पोटशूळ, आणि पोटशुळाने घोडा जिवानिशी जाऊ शकतो. मामा प्रत्येकाची चंदी वेगळी मोजत होते. याला हरभरा कमी, तिला कोंडा जास्त, त्या कोपऱ्यातल्याला भिजवून. कागद कुठेच नव्हता. मग पाणी. एक घोडा दिवसाला तीस-चाळीस लिटर सहज पितो, आणि लेकीने व मी मिळून ज्या बादल्या वाहिल्या त्यांनी माझ्या खांद्यांना इतिहासाची आठवण करून दिली. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराजांच्या पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार, अशी ती उतरंड आम्ही शाळेत पाच गुणांसाठी पाठ केली. त्याच ठिकाणी असंही आहे, की पंचवीस घोड्यांमागे एक नालबंद आणि एक पखालजी. हा पखालजी आम्हाला परीक्षेत कधी आला नाही. पंचवीस घोडी गुणिले तीस लिटर, तेही चामड्याच्या पखालीतून, गडाच्या पायथ्याच्या ओढ्यावरून! पुतळ्याखाली उभं राहून मी जो प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर बखरीत हुद्द्यासकट लिहून ठेवलेलं होतं. आबांना मी ते सांगितलं. ते म्हणाले, “मग त्याचा पुतळा नाही का?”

चाऱ्याचंही तसंच. चिपळूणकडे पावसाळी छावणीला असलेल्या अंमलदारांना महाराजांनी लिहिलेलं एक पत्र प्रसिद्ध आहे. स्वराज्य उभं करणारा राजा त्यात गवताची काळजी करतो आहे. आत्ताच दाणागवत उधळून टाकाल तर ऐन पावसाळ्यात घोडी उपाशी मरतील, मग तुम्हीच ती मारली असं होईल, आणि त्यापायी तुम्ही रयतेला त्रास द्याल, असं बजावतो आहे. आणि पुढे, रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गवताला आग लागेल, इथपर्यंत तो पोचतो. मला त्या पत्रातला हा उंदीर फार आवडतो. तलवारी, तह, खंडण्या यांच्या गर्दीतून एक राजा मान वाकवून एका उंदराच्या वाटेकडे पाहतो आहे. हे पाहायला सवड असलेलीच माणसं घोडी पाळू शकतात. मी गवताच्या गंजीशेजारी बसलो होतो, आणि पलीकडे ओळीने बांधलेले घोडे चंदी चावत होते. कोर्टाच्या आवाराबाहेर टंकलेखकांची दुपार चालते तसा एकसुरी, गंभीर, कुणाचं तरी मोठं काम उरकत असल्यासारखा आवाज.

आता उरला घोडेस्वारीचा भाग, ज्यासाठी आम्ही आलो होतो. तो थोडक्यात सांगण्यासारखाच आहे. माझ्या स्कूटरमध्ये कागदोपत्री सातआठ घोड्यांची ताकद आहे आणि त्यांनी मला आजवर काही विचारलेलं नाही. या एका घोड्याने मी जवळ जाताच माझा खिसा, कॉलर आणि कान हुंगून चौकशी केली. घोड्यावर डावीकडून चढायचं असतं. कारण असं सांगतात, की तलवार डाव्या कमरेला असे, ती आड येऊ नये म्हणून. माझ्या डाव्या खिशात मोबाइल होता, तो मी मामांच्या हवाली केला आणि लाकडी पायरीवरून वर गेलो. वर गेल्यावर कळलं की घोड्याची उंची खांद्यापर्यंत मोजतात, डोक्यापर्यंत नाही, ती केवळ आमच्यासारख्यांना धीर देण्यासाठी. “काका, टाचा खाली, नजर समोर.” हे दोन्ही एका वेळी करणारा माणूस आमच्या घराण्यात अजून व्हायचा आहे. चाल होती तोवर ठीक होतं. मग बादलने दुडकी धरली, आणि दुडकीत त्याच्या लयीबरोबर खोगिरावरून उठायचं आणि बसायचं असतं. “उठ, बस, उठ, बस,” शिक्षिका रिंगणाच्या मधोमध उभी राहून म्हणत होती. चौथीत घरचा अभ्यास न केल्याबद्दल मी हेच फुकट केलेलं आहे.

ही माझ्याहून कितीतरी चांगली बसली. पाठ सरळ, हात शांत, आणि सबंध वेळ घोडीशी काहीतरी बोलत. काय, ते अजून सांगितलेलं नाही. लेक आणि चिरंजीव एकामागून एक फिरले आणि त्या अर्ध्या तासात एकमेकांचा पाय ओढण्याची एकही संधी त्यांनी घेतली नाही, कारण दोघांचेही पाय रिकिबीत गुंतले होते. आबांना शिक्षिकेने आग्रह केला. “आजोबा, मी धरते, नुसती एक फेरी.” आबांनी बादलकडे पाहिलं. “नको,” ते म्हणाले, “त्याने आज खूप जणांना तिकीट दिलं. आता डेपोला जाऊ दे.” मग खोगीर उतरवणं, तंगाखालचा घाम पुसणं, खुरांत अडकलेले खडे काढणं, हे सगळं आबांनी मामांच्या बरोबरीने केलं. पाय उचलण्यासाठी त्यांनी पोटरीवरून हात खाली सरकवला, आणि बादलने काही न सांगता खूर त्यांच्या हातात दिला. ओढ्याकाठची ती विद्या त्यांच्या हातात इतकी वर्षं शाबूत होती, आणि आमच्यापैकी कुणी ती कधी मागितलीच नव्हती.

शिलेदाराचा घोडा स्वतःचा असे आणि बारगिराचा सरकारी. त्या न्यायाने आम्ही अर्ध्या तासाचे बारगीर. घोडा दुसऱ्याचा, खोगीर दुसऱ्याचं, आणि पडलो असतो तर उचलायलाही मामाच. गाडीत बसल्यावर मी हिशेब मांडला. घोड्याने आम्हाला वाहिलं ते अर्धा तास, आणि आम्ही पाच माणसं दिवसभर राबलो ती एका ओळीतल्या थोड्याशा घोड्यांसाठी. मामा हे रोज करतात, आणि दिवाळीलाही करतात, कारण घोड्याला सुट्टी कळत नाही. दुसऱ्या दिवशी मला जिना उतरता येईना. आबा सकाळी फिरून, पेपर आणि दूध घेऊन आले. योजनेचे पैसे वसूल झाले का, असं मला कुणी विचारलं तर मी म्हणेन, घोडेस्वारीचे झाले नाहीत, लिदीचे झाले.

तुम्ही जाणार असाल तर जुने बूट घाला, अत्तर लावू नका आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बरोबर न्या. गाजरं नेलीत तर आधी मामांना विचारा, आणि तळहात सपाट धरून द्या. मोजून न्या मात्र. पहिल्याच घोड्याला तीन दिलीत, तर उरलेली ओळ ते पाहत असते.